सोळा वर्षांनी एक रजा

बॉसच्या केबिनमध्ये जाऊन रजा मागणं हा एक स्वतंत्र कलाप्रकार आहे. दार किती हळू वाजवायचं, चेहरा किती पाडायचा, 'सर, जरा एक छोटंसं काम होतं' हे वाक्य कुठल्या पट्टीत म्हणायचं, याची रंगीत तालीम आपण सगळ्यांनीच केलेली असते. काही जणांच्या आज्या तर कागदोपत्री तीन-तीनदा वारलेल्या असतात.

२० सप्टेंबर १९९८. रविवारची संध्याकाळ. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात अडतीस वर्षांचा एक उंचापुरा माणूस असाच आपल्या बॉसच्या खोलीत शिरला. मॅच सुरू व्हायला साधारण अर्धा तास उरला होता. आज मला टीममध्ये घेऊ नका, एवढंच त्यानं सांगितलं. ताप नाही, पाठदुखी नाही, आजी तर नाहीच. बॉसला काय बोलावं ते सुचेना. कारण या माणसानं याआधीची रजा घेतली होती २९ मे १९८२ रोजी. आणि तीही हाफ डे! त्या दिवशी एकापाठोपाठ दोन मॅचेस होत्या. पहिली तो खेळला, दुसरीला बाहेर बसला.

त्यानंतर सलग २,६३२ मॅचेस. मध्ये एकही सुट्टी नाही.

माणसाचं नाव कॅल रिपकेन ज्युनिअर. बाल्टिमोर ओरिओल्स या संघाचा बेसबॉलपटू. बॉस म्हणजे संघाचा मॅनेजर, रे मिलर. (बेसबॉलमध्ये कोचलाच मॅनेजर म्हणतात. आपल्याला घरच्यासारखं वाटावं म्हणून असेल.)

हा कॉलम कृपया एचआरला फॉरवर्ड करू नका. मला कुणाच्या अप्रेझलचं पाप नकोय. शिवाय ही गोष्ट 'बघा, काही लोक कसे मन लावून काम करतात' अशी नाहीच. म्हणजे थोडी आहे. पण पूर्ण वाचा.

आधी २,६३२ म्हणजे किती, ते बघू. अमेरिकेत मेजर लीगचा एक सीझन म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर, सहा महिन्यांत १६२ मॅचेस. जवळजवळ रोज संध्याकाळी एक. आज इथे, परवा हजार मैलांवर. आपल्या सुनील गावसकरांनी सलग १०६ टेस्ट मॅचेस खेळल्या होत्या (आणि तो सिलसिला १९८७ मध्ये ईडन गार्डन्सवर खेळायला नकार देऊन स्वतःच थांबवला होता). तेही भारीच, पण टेस्टच्या मधे माणसाला घरी जाऊन वरणभात जेवायला तरी वेळ मिळतो. इथे रिपकेन सोळा वर्षं रोज संध्याकाळी हजर.

आणि हजर कुठे, तर शॉर्टस्टॉपला.

बेसबॉल म्हटलं की आपल्याकडे लोक दोन गोष्टी ओळखतात, टोपी आणि बॅट. त्यातली बॅट सिनेमातल्या गुंडांच्या हातात जास्त दिसते. म्हणून जरा थांबून सांगतो. मैदानात चौकोनाच्या चार टोकांना चार बेस. बॅटर होम प्लेटवर उभा राहतो, फटका मारून पहिल्या बेसकडे पळतो. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बेसला एकेक फिल्डर नेमलेला. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे जी मोकळी जागा राहते तिथे उभा राहतो तो शॉर्टस्टॉप. उजव्या हाताच्या बॅटर्सचे सरपटी फटके बहुतेक तिकडेच येतात. गल्ली क्रिकेटमध्ये ज्या बाजूला गटार आणि काकूंच्या खिडक्या असतात त्या बाजूला आपण सगळ्यात चपळ पोराला उभं करायचो. तेच हे पोर. चेंडू अडवायचा, उचलायचा आणि पहिल्या बेसवर फेकायचा, हे सगळं बॅटर तिथे पोहोचायच्या आत, म्हणजे चार-साडेचार सेकंदांत.

त्यातून डबल प्ले असेल तर बघायलाच नको. एका चेंडूवर दोघांना बाद करायचं म्हणून शॉर्टस्टॉप दुसऱ्या बेसवर येतो, आणि समोरचा रनर त्याचा थ्रो बिघडवायला थेट पायांवर घसरत येतो. या घसरण्यावर कडक नियम २०१६ मध्ये आला. रिपकेनच्या काळात बिनधास्त लाथ बसायची. थोडक्यात, शॉर्टस्टॉपला स्वतःचा असा बेस नाही, पण सगळ्यांची कामं त्याच्या वाट्याला. आपल्या ऑफिसातही असा एक जण असतोच. तो रजेवर गेला की मग कळतं.

अशा जागेवर माणूस सोळा वर्षं मोडला कसा नाही? याचं उत्तर त्याच्या वडिलांपाशी आहे.

कॅल रिपकेन सीनिअर १९५७ मध्ये ओरिओल्समध्ये लागले. 'लागले' हा शब्द मुद्दाम वापरलाय, कारण त्यांचं नातं नोकरीचंच होतं. कॅचर म्हणून आले, मेजर लीगमध्ये कधी खेळायला मिळालं नाही, मग खालच्या लीगमधल्या छोट्या गावांचे संघ सांभाळायला लागले. आज हे गाव, दोन वर्षांनी ते गाव. मेरीलँडमधलं ॲबर्डीन हे घर, पण उन्हाळा आला की बायको आणि चार मुलं त्यांच्या मागे. १९६० मध्ये जन्मलेला कॅल त्या मैदानांवर वाढला. मुलं नुसती सराव करून सुधारतात हे सीनिअरना मान्य नव्हतं. चुकीचा सराव केला तर चूकच पक्की होते, सराव बरोबर हवा, हे त्यांचं लाडकं तत्त्व होतं. चेंडूपुढे दोन्ही पाय कसे ठेवायचे, हे त्यांनी शेकडो पोरांना शिकवलं. त्यातली कित्येक पोरं पुढे मोठी झाली. सीनिअर मात्र तिथल्या तिथे. १९७६ मध्ये ते मुख्य संघात कोच झाले. तेही कोचच, मॅनेजर नाही.

१९७८ मध्ये ओरिओल्सनं ज्युनिअरला घेतलं. तो अजून खालच्या लीगमध्ये असतानाची एक मॅच सांगायलाच हवी. १८ एप्रिल १९८१, पॉटकेट नावाचं गाव, ईस्टरच्या आदली रात्र. बेसबॉलमध्ये बरोबरी चालत नाही, निकाल लागेपर्यंत इनिंग्ज वाढत जातात. नेहमीच्या नऊ. त्या रात्री बत्तीस झाल्या. थंडी इतकी की खेळाडूंनी मोडक्या बॅटी जाळून हात शेकले. पहाटे चार वाजून सात मिनिटांनी मॅच थांबवली, तेव्हा स्टँडमध्ये १९ प्रेक्षक उरले होते. उरलेली मॅच जूनमध्ये खेळवली आणि ती तेहेतिसाव्या इनिंगमध्ये १८ मिनिटांत संपली. व्यावसायिक बेसबॉलमधली ही सगळ्यात लांबलेली मॅच. रिपकेन तिच्यात पहिल्या चेंडूपासून शेवटापर्यंत थर्ड बेसवर उभा होता. संघ हरला. तेरा वेळा बॅटिंगला येऊन त्याला जेमतेम दोन हिट मिळाले. नाइट शिफ्टची याहून वाईट आठवण कुणाकडे असेल तर कळवा.

ऑगस्ट १९८१ मध्ये तो मुख्य संघात आला. पुढच्या वर्षी, १ जुलै १९८२ ला, मॅनेजर अर्ल वीव्हरनं त्याला शॉर्टस्टॉपला उभं केलं. लोक हसले. कारण तेव्हा शॉर्टस्टॉप म्हणजे बुटका, सडपातळ, पाऱ्यासारखा. बॅटिंग आली तर आली, नाही तर नाही. आणि हा सहा फूट चार इंचांचा! एवढ्या देहाला एवढ्या जागेत एवढ्या वेगानं हलवणार कसं?

रिपकेननं वेगाचा प्रश्न वेगानं सोडवलाच नाही. त्यानं अभ्यास केला. कॅचर पिचरला कुठला चेंडू टाकायची खूण करतोय ते बघायचं, हा बॅटर तशा चेंडूला कुठे मारतो ते आठवायचं, आणि चेंडू सुटायच्या आत एक पाऊल तिकडे सरकायचं. लोकांना वाटायचं, चेंडू नेमका याच्याच हातात कसा येतो? तो आधीच तिथे उभा असायचा. मला विचाराल तर त्याच्या करिअरमधलं सगळ्यात मोठं काम हेच आहे, सलग मॅचेसचा आकडा नव्हे. उंच, दणकट, होम रन मारणाऱ्या शॉर्टस्टॉपची वाट त्यानं मोकळी केली. पुढे डेरेक जीटर, अ‍ॅलेक्स रॉड्रिग्ज आले तेव्हा त्यांच्या उंचीवर कुणी हसलं नाही.

बाकीचं भराभर. १९८२ चा सर्वोत्तम नवोदित. १९८३ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू आणि वर्ल्ड सिरीजचं विजेतेपद. शेवटचा झेलही त्याच्याच ग्लोव्हमध्ये. वय तेवीस. वाटलं असेल, हे आता दर दोन-चार वर्षांनी होणार. पुन्हा कधीच झालं नाही. पहिल्या नोकरीतच सगळ्यात मोठा बोनस मिळावा आणि मग अठरा वर्षं नुसती वाट बघावी, तसं.

१९८७ मध्ये सीनिअरना अखेर मॅनेजरची खुर्ची मिळाली. तीस वर्षांनी. संघात मोठा मुलगा शॉर्टस्टॉपला, धाकटा बिली सेकंड बेसला. एकाच बापानं दोन मुलांना एकाच वेळी मेजर लीगमध्ये सांभाळल्याची ही पहिलीच वेळ. पण संघ म्हातारा आणि थकलेला. ६७ जिंकले, ९५ हरले.

तोपर्यंत ज्युनिअरचा आणखी एक विक्रम झाला होता. तो नुसता प्रत्येक मॅच खेळत नव्हता, तर प्रत्येक मॅचची प्रत्येक इनिंग खेळत होता. अशा ८,२४३ इनिंग्ज. १४ सप्टेंबर १९८७ ला टोरांटोत संघ १८-३ असा धुतला जात असताना मॅनेजरनं त्याला बाहेर काढलं. मॅनेजर म्हणजे वडील. इतर कुठल्या मॅनेजरला हे करता आलं असतं का, शंकाच आहे. विक्रमाच्या आड यायचं म्हणजे पेपरवाले सोलून काढणार. सीनिअरनी ते ओझं पोराच्या खांद्यावरून उचललं आणि विषय संपवला.

आणि पुढच्या एप्रिलमध्ये संघ पहिल्या सहा मॅचेस हरला आणि सीनिअरना काढलं.

सहा. एकशे बासष्टपैकी. एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर. (संघ त्यानंतर आणखी पंधरा हरला. सलग एकवीस. म्हणजे दोष कुणाचा होता ते दिसलंच.)

बिलीनं आपल्या शर्टावरचा नंबर बदलून वडिलांचा ७ नंबर घेतला. ज्युनिअरनं काय केलं? तो दुसऱ्या दिवशी कामावर गेला. त्याच कंपनीत, जिनं बापाला घरी बसवलं होतं. त्याच उन्हाळ्यात त्याच कंपनीबरोबर पुढच्या तीन वर्षांचा करारही केला.

इथे मी बऱ्याचदा अडकतो. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी याच्या निम्म्या कारणासाठी राजीनामा तोंडावर फेकला असता, आणि संध्याकाळी मित्रांना पार्टी दिली असती. मग याला काय म्हणायचं, निष्ठा की थंडपणा? मला वाटतं, वडिलांनी त्याला कंपनीवर प्रेम करायला शिकवलंच नव्हतं. कामावर करायला शिकवलं होतं. सीनिअर स्वतः वर्षभरात थर्ड बेस कोच म्हणून परत आले, तेही त्याच कंपनीत. या घरात रुसून बसायची पद्धतच नव्हती बहुधा.

मात्र फुकट काही मिळत नाही. १९८८ ते १९९० ही वर्षं त्याच्या बॅटिंगची वाईट होती. १९९० मध्ये सरासरी .२५० वर घसरली. म्हणजे चारदा आला तर तीनदा रिकाम्या हातानं परत. आणि मग सगळीकडे एकच चर्चा: हा थकलाय, याला विश्रांती द्या, हा आता संघासाठी नाही, विक्रमासाठी खेळतोय. गंमत बघा, त्याच १९९० मध्ये शॉर्टस्टॉपला १६१ मॅचेसमध्ये त्याच्या हातून फक्त तीन चुका झाल्या. तीन! दमलेल्या माणसाच्या चुका वाढतात, याच्या गायब झाल्या होत्या. पण टीकाकार बॅटिंगचे आकडे बघत होते. मग १९९१ मध्ये त्यानं ३४ होम रन मारले, सरासरी .३२३, पुन्हा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. विश्रांती न घेताच. टीकाकार गप्प. पुढची दोन वर्षं पुन्हा घसरण. टीकाकार पुन्हा सुरू.

टीकाकार चूक होते असं मी म्हणणार नाही. शरीराला सुट्टी लागतेच. त्याच्या आकड्यांत ती दिसते.

हा सगळा गोंधळ ज्या विक्रमाभोवती चालला होता तो होता लू गेरिगचा. न्यूयॉर्क यांकीजचा हा फर्स्ट बेसमन १९२५ ते १९३९ सलग २,१३० मॅचेस खेळला. एक दिवस डेट्रॉइटमध्ये त्यानं आपणहून मॅनेजरला सांगितलं की मला काढा. शरीर ऐकत नव्हतं. निदान झालं, स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या एएलएस या आजाराचं, जो पुढे त्याच्याच नावानं ओळखला जाऊ लागला. १९४१ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी तो गेला. असा विक्रम मोडायचा म्हणजे देवळातल्या मूर्तीला हात लावण्यासारखं.

पण एक गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. जुलै १९३४ मध्ये गेरिगची कंबर धरली होती. तेव्हा यांकीजनं त्याचं नाव यादीत चक्क शॉर्टस्टॉप म्हणून लिहिलं, पहिल्या नंबरवर बॅटिंगला पाठवलं, त्यानं एक हिट मारला आणि तो लगेच आत गेला. शॉर्टस्टॉपला एक चेंडूही न अडवता! सकाळी येऊन कार्ड स्वाइप करायचं आणि मागच्या दारानं सटकायचं, ही कला आपण शोधलेली नाही, मंडळी.

आता १९९३ मध्ये या. जूनमध्ये सिअ‍ॅटलच्या संघाशी मैदानावरच मोठी हाणामारी झाली. त्यात रिपकेनच्या बुटाचे खिळे गवतात अडकले आणि गुडघा पिळवटला. दुसऱ्या दिवशी सकाळी पायावर उभं राहता येईना. गेरिगपासून तो अजून काही शे मॅचेस लांब होता. त्यानं स्वतःच नंतर सांगितलेला किस्सा असा, की बायकोनं सहज सुचवलं, एकच इनिंग खेळ ना, विक्रम चालू राहील. हा तिच्यावर उखडला. खेळायचं तर पूर्ण, नाहीतर घरी. विक्रमासाठी नाव लावायचं नाही. संध्याकाळी मैदानात जाऊन चाचपून बघितलं, गुडघा चालला, आणि तो पूर्ण मॅच खेळला.

मला तो जर कुठे मनापासून आवडत असेल तर इथे. २,६३२ मधल्या एकाही दिवसाला त्याला फक्त हजेरी लावायची नव्हती. रोज सकाळी उठून आज मी उपयोगाचा आहे का, हे त्याला ठरवायचं होतं. नशीबही होतंच. एखादा रनर अर्धा इंच इकडून घसरला असता तर हा कॉलम दुसऱ्या कुणावर लिहावा लागला असता.

ऑगस्ट १९९४ मध्ये खेळाडूंनी संप केला. वर्ल्ड सिरीज रद्द झाली. लोक चिडले. दोन्हीकडे लखपती, भांडण पैशांवरून, आणि मरण आमचं, अशी भावना. मालकांनी १९९५ चा सीझन बदली खेळाडू घेऊन सुरू करायचं ठरवलं. तसं झालं असतं तर रिपकेनशिवाय मॅचेस होऊन त्याचा सिलसिला तुटला असता. ओरिओल्सचे मालक पीटर अँजेलोस यांनी बदली खेळाडू घ्यायला साफ नकार दिला. एप्रिलमध्ये संप मिटला. आणि रुसलेल्या लोकांसमोर त्या उन्हाळ्यात कोण होतं? रोज कामावर येणारा एक माणूस, मॅचनंतर उशिरापर्यंत थांबून सह्या देणारा.

६ सप्टेंबर १९९५, कॅम्डन यार्ड्स, ४६,२७२ प्रेक्षक. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन हजर. गेरिगबरोबर खेळलेला जो डिमॅजिओ हजर. रिपकेननं त्या दिवशीही होम रन मारला. पाचव्या इनिंगच्या मध्यावर मॅच नियमाप्रमाणे अधिकृत झाली आणि मैदानामागच्या जुन्या गोदामाच्या भिंतीवरचा आकडा बदलला: २१३१. टाळ्या २२ मिनिटं थांबल्या नाहीत. त्यानं शर्ट काढून मुलांना दिला, आत मुलांचा लाडाचा मजकूर लिहिलेला टी-शर्ट. मॅच पुढे सुरू होईना म्हणून दोन सहकाऱ्यांनी त्याला अक्षरशः ढकललं, आणि तो मैदानाच्या कडेकडेनं लोकांशी हात मिळवत फेरी मारू लागला. पोलिस, माळी, समोरच्या संघाचे खेळाडू, सगळ्यांशी. वर बॉक्समध्ये सीनिअर उभे होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, एवढंच.

पुढच्या वर्षी त्यानं जपानच्या साचिओ किनुगासाचा २,२१५ मॅचेसचा जागतिक विक्रमही मागे टाकला. किनुगासा स्वतः ते बघायला कॅन्सस सिटीला आला होता. त्याच महिन्यांतली आणखी एक गोष्ट. ऑल-स्टार मॅचच्या ग्रुप फोटोला उभं राहताना एका पिचरचा तोल गेला, त्याचा हात बसला आणि रिपकेनचं नाक मोडलं. सोळा वर्षं घसरणाऱ्या रनर्सनी काही केलं नाही, नाक मोडलं फोटोत! नाक सरळ करून तो खेळला.

१९९७ मध्ये त्याला शॉर्टस्टॉपवरून कायमचं थर्ड बेसला हलवलं. वय छत्तीस. आपल्यापैकी ज्यांची टीम रिऑर्गनायझेशनमध्ये हलली असेल त्यांना कळेल, की प्रमोशन म्हणत नाहीत आणि डिमोशनही म्हणत नाहीत असं काहीतरी ते असतं. त्याला आवडलं नव्हतं. पण तो खेळत राहिला.

आता पुन्हा २० सप्टेंबर १९९८. घरच्या मैदानावरची सीझनची शेवटची मॅच, समोर यांकीज, म्हणजे गेरिगचाच संघ. चर्चा पुन्हा तीच: हा संघाचा खेळाडू आहे की संघ याच्या आकड्याचा? यावेळी त्यानं उत्तर दिलं. ना दुखापत, ना कुणाचा दबाव. त्याच्या जागी रायन मायनर नावाचा नवखा मुलगा उभा राहणार होता. त्याला आधी वाटलं, आपल्याला नवीन म्हणून गंडवताहेत. कॅलला हे माहीत आहे ना, असं त्यानं विचारलं म्हणतात. पहिला बॅटर बाद झाल्यावर यांकीजच्या खेळाडूंच्या लक्षात आलं. ते डगआउटच्या पायऱ्यांवर येऊन उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. मग सगळं मैदान उठलं. रिपकेननं बाहेर येऊन टोपी काढली आणि परत जाऊन बसला.

त्या सीझनमध्ये तो १६२ पैकी १६१ मॅचेस खेळला. म्हणजे एका दिवसाची रजा, दुसऱ्या दिवशी हजर.

मार्च १९९९ मध्ये सीनिअर फुफ्फुसाच्या कॅन्सरनं गेले. एप्रिलमध्ये ज्युनिअर आयुष्यात पहिल्यांदा जखमींच्या यादीत गेला. पाठ. सोळा वर्षांची थकबाकी शरीरानं एकदम मागितली. त्या वर्षी जेमतेम ८६ मॅचेस खेळला. आणि सरासरी? .३४०. पूर्ण करिअरमधली सर्वोत्तम! ज्या वर्षी इतक्या सुट्ट्या, त्या वर्षी सर्वात चांगली बॅटिंग. टीकाकारांना हे वाक्य फ्रेम करून लावता आलं असतं. (एचआरला फॉरवर्ड करायचंच असेल तर एवढा पॅरा करा.)

२००१ मध्ये त्यानं निवृत्ती जाहीर केली. त्या वर्षीच्या ऑल-स्टार मॅचमध्ये रॉड्रिग्ज शॉर्टस्टॉपला होता. खेळ सुरू व्हायच्या आधी त्यानं रिपकेनला थर्ड बेसवरून ओढलं, शॉर्टस्टॉपकडे ढकललं आणि स्वतः थर्ड बेसला गेला. जुन्या जागी एक इनिंग. त्याच मॅचमध्ये रिपकेननं होम रन मारला. त्याची शेवटची मॅच खरं तर न्यूयॉर्कला व्हायची होती, पण ११ सप्टेंबरनंतर सगळं वेळापत्रक पुढे गेलं आणि ती ६ ऑक्टोबरला घरीच झाली. शेवटचा बॅटर बाद झाला तेव्हा रिपकेन बॅट घेऊन पुढच्या नंबरवर उभा होता. त्याची पाळी आलीच नाही.

एकूण ३,००१ मॅचेस, ३,१८४ हिट्स, ४३१ होम रन. आणि हो, निवृत्त झाला तेव्हा डबल प्लेमध्ये संघाचे दोघं बाद करवण्याचा विक्रमही त्याच्याच नावावर होता, ३५० वेळा. इतके दिवस कामावर आलं की चुकांचेही विक्रम होतात. हा विक्रम २०१७ मध्ये अल्बर्ट पुहोल्सनं मोडला. २००७ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी मतदान झालं, तेव्हा ५४५ पैकी ५३७ मतं त्याला मिळाली. उरलेले आठ जण कोण असतील? प्रत्येक अप्रेझल कमिटीत ते असतात.

ॲबर्डीनमध्ये त्यानं लहान मुलांसाठी छोट्या मापाची मैदानं उभारली. त्यातलं एक हुबेहूब कॅम्डन यार्ड्ससारखं आहे, त्याला वडिलांचं नाव दिलंय. २०२४ मध्ये डेव्हिड रुबेनस्टाइन यांच्या गटानं ओरिओल्स संघ विकत घेतला, किंमत १७२.५ कोटी डॉलर्स. त्या गटातल्या भागीदारांत एक नाव कॅल रिपकेन ज्युनिअर. १९८८ च्या एप्रिलमध्ये सीनिअरना सहा मॅचेसनंतर घरी पाठवणारी कंपनी ती हीच. आता तिथे रजेसाठी त्याला कुणाचं दार वाजवावं लागत नाही.